चोंदोपंतांचं तंतोतंत गणित

ऑफिसात त्यांना तोंडावर सर म्हणत आणि पाठ वळली की चोंदोपंत. हे नाव ठेवल्याचं पाप कुणी कबूल करत नसे, पण ठेवायचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. शहराचं पिण्याचं पाणी गाळणाऱ्या केंद्रात हा गृहस्थ उभी हयात एकाच प्रश्नामागे लागला होता: गाळणी चोंदते कशी? लोक मेंदू उघडून परत शिवतात, आकाशात दुर्बिणी सोडतात, आणि आमचे जावई गाळणी चोंदायची वाट बघत बसतात, असं त्यांच्या सासूबाईंचं मत होतं. सासूबाई जावयाच्याच घरात राहत असल्यामुळे हे मत पंतांना मागून घ्यावं लागत नसे.

ही गाळणी म्हणजे चहाची नव्हे. केंद्राच्या लांबलचक हॉलमध्ये माणसाच्या उंचीच्या पांढऱ्या नळ्या रांगेने उभ्या होत्या आणि प्रत्येक नळीत पोकळ धाग्यांचा एक भलामोठा झुपका कोंबलेला होता. धाग्यांच्या अंगाला इतकी बारीक भोकं की पाणी आत शिरावं आणि घाण, जंतू वगैरे मंडळी बाहेर राहावीत. शास्त्रात याला मेम्ब्रेन म्हणतात, केंद्रातले लोक सरळ पडदा म्हणत. पडद्यावर घाण साचत गेली की पाणी ढकलायला पंपाला जास्त जोर लावावा लागतो, म्हणजेच दाब वाढतो. फार वाढला की क्लोरीनच्या कडक पाण्याने पडदा धुवायचा. उशिरा धुवावा तर चोंदून बसतो, उठसूट धुवावा तर क्लोरीन धागे खाऊन टाकतं. मग धुवायचा कधी? या प्रश्नाच्या पायी पंतांनी आपली जवानी घालवली. इतरांनी ती कशात घालवली हे पाहता पंतांचं फार नुकसान झालं असंही म्हणता येत नाही.

गणित तसं सोपं होतं. अडथळा दुप्पट झाला की तेवढंच पाणी ढकलायला दाब दुप्पट लागतो, यात न कळण्यासारखं काही नाही. गोम आहे ती अडथळा वाढतो कसा यात. पंत ते लग्नाच्या हॉलमध्ये, शेजारी बसेल त्या अभाग्याला समजावून सांगत. "आता हे दार बघा. एक जाडा गृहस्थ दारातच अडकला, की ते भोक बंद. हा पहिला प्रकार. बारीक लोक आत शिरून भिंतीला टेकून राहिले, की भोक आतून अरुंद. हा दुसरा. काही दारात अडकले आणि काही त्या अडकलेल्यांच्या पाठीवर, हा तिसरा. आणि बाहेरच सगळी गर्दी थिजून राहिली, की झाला थर. हा चौथा." ऐकणारा माणूस जेवायला म्हणून उठे, तो परत त्या खुर्चीकडे फिरकत नसे.

या चारही प्रकारांना एका समीकरणात बसवून पंतांनी आपलं मॉडेल रचलं होतं आणि त्याच्या काळजापाशी स्वतः जन्माला घातलेला एक आकडा ठेवला होता. घाणीचा कण पडद्याला किती घट्ट धरून बसतो हे सांगणारा. त्याचं नाव चिकटांक. चिकटांक कुठल्या उपकरणाने मोजता येत नसे, तो धरावा लागे. मॉडेलचा दाब खऱ्या दाबाच्या वर गेला की पंत चिकटांक उतरवत, खाली गेला की चढवत, आणि या खटाटोपाला कॅलिब्रेशन असं भारदस्त नाव होतं. ऑफिसात कुणी सुट्टीच्या अर्जासाठी साहेबांच्या दारात फार वेळ उभा राहिला तर इतर म्हणत, याचा चिकटांक वाढलाय.

बायको दातांची डॉक्टर होती. तिला नवऱ्याच्या शास्त्राबद्दल आदर होता, पण तो ती जपून वापरत असे. "थर माझ्याकडेही साचतो," ती म्हणे, "मी खरवडते आणि मोकळी होते. समीकरण मांडत बसले तर पेशंट आ करून म्हातारा होईल." पंत यावर हसत, पण त्यांना लागे. त्यांना आयुष्यात बंगला नको होता, गाडी नको होती. त्यांना एवढंच हवं होतं की एक दिवस कुणीतरी, निदान घरातल्या कुणीतरी, त्यांच्या गणितावर विश्वास ठेवावा.

बरीच वर्षं तसा विश्वास ठेवायला जागाच नव्हती. कॉम्प्युटरवर दोन रेघा येत. निळी म्हणजे पंतांचं मॉडेल, लाल म्हणजे नळीवरच्या सेन्सरने खरोखर मोजलेला दाब. दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. निळी चढली की लाल रेंगाळे, पाण्यात घाण वाढली की लाल उसळे आणि निळी आपल्याच नादात चाले. आणि मग तीन वर्षांमागे, पंतांनी चिकटांक जरासा बदलला त्याच सुमारास, रेघा जुळल्या. नुसत्या जुळल्या नाहीत, गळ्यात गळा घालून चालू लागल्या. निळी रेघ म्हणे पडदा चोंदतोय, लाल म्हणे खरंय. निळी म्हणे धुतल्यावर दाब उतरेल, लाल निमूटपणे उतरे. लाल रेघेला काय ती थोडी थरथर होती, बारीकशी, सतत.

दुसऱ्या कुणी असतं तर संशय घेतला असता. पंत शास्त्रज्ञ होते, त्यांनी पेपर लिहिला. एक नव्हे, दोन. पहिला चिकटांकावर, दुसरा त्या थरथरीवर. पडद्यावरच्या थरातले कण आपापसात जागा बदलत असतात, त्यामुळे दाब असा सूक्ष्म कापतो, असं त्यांनी सतरा पानांत सिद्ध केलं होतं. परिषदांत लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका विद्वानाने तर उठून सांगितलं की अशीच थरथर आपल्यालाही दिसली आहे. ती त्याला कुठे दिसली हा एक स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

केंद्राच्या संचालकांना पाण्यातलं फारसं कळत नसे, पण जुळलेल्या रेघा कळत. त्यांनी त्या आलेखाची तसबीर करून केबिनमध्ये लावली आणि मग त्यांचं डोकं चालू लागलं. पूर्वी दर काही आठवड्यांनी धाग्यांत हवा भरून, बुडबुडे कुठून येतात ते पाहून, कुठला धागा फाटलाय का याची तपासणी होई. संचालक म्हणाले, मॉडेल असताना बुडबुडे कशाला मोजायचे? तपासणी बंद झाली. पंतांना खरं तर तेव्हा काहीतरी बोलायचं होतं. पण ज्याच्यावर इतकी वर्षं कुणी भरवसा ठेवला नाही, त्याने पहिल्यांदाच मिळालेल्या भरवशाला नाही कसं म्हणावं?

आता संचालकांनी पुढचा बेत आखला होता. पंपांच्या दुरुस्तीसाठी केंद्र आठवडाभर बंद राहणार, तेवढे दिवस शहराला साठ्याच्या टाक्यांतून पाणी मिळणार, आणि शुक्रवारी पाहुण्यांच्या साक्षीने केंद्र पुन्हा सुरू होणार. त्याच समारंभात दोन घोषणा व्हायच्या होत्या. खात्याच्या सगळ्या केंद्रांतले सेन्सर काढून पंतांचं मॉडेल बसवायचं आणि नव्या मॉडेल विभागाचं प्रमुखपद पंतांना द्यायचं. पंतांनी त्यासाठी नवीन सदरा शिवायला टाकला.

सोमवारी पंप बंद झाले. केंद्रात शुकशुकाट. हॉलमध्ये रंगारी भिंतींना रंग देत होते. पंतांना करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून दुपारी चहा पिता पिता त्यांनी आपला लाडका आलेख उघडला. एखादा माणूस नातवाचा फोटो बघतो, त्याच मायेने. निळी रेघ आपल्याच नादात चढत होती. लाल रेघ तिच्या जोडीने, थरथरत, चढत होती.

पंतांनी आधी कप खाली ठेवला. पंप बंद, पाणी बंद, नळ्या रिकाम्या, आणि दाब वाढतोय. आता इथे सामान्य माणूस घाबरला असता. पंतांच्या मनात पहिला विचार आला तो तिसऱ्या पेपरचा. प्रवाह थांबल्यावरही पडद्यात शिल्लक राहणारा दाब! त्यांनी कागद ओढला आणि अर्धं पान भरून समीकरण लिहिलंसुद्धा. मग लेखणी थांबली. रिकाम्या नळीत दाब कशाचा, हा प्रश्न त्यांना शेवटी पडला. शिकलेल्या माणसाला असे प्रश्न जरा उशिरा पडतात.

ते कंट्रोल रूममध्ये गेले. तिथली इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर ही मनापासून काम करणारी मुलगी होती आणि पंतांना फार मानत असे.

"ही लाल रेघ कुठून येते?" पंतांनी विचारलं.

"सेन्सरवरून, सर," ती म्हणाली. मग तिनेच दुरुस्त केलं, "म्हणजे, यायची."

"यायची?"

"तो सेन्सर गेला ना, सर. तीन वर्षं झाली असतील. नवीन मागवला, तर खरेदीवाल्यांनी भलत्याच मापाचा आणला. तो परत गेला तो गेलाच. आणि स्क्रीनवर आकडा नसला की अलार्म वाजतो. सारखा. सगळ्यांचं डोकं उठायचं हो. मग म्हटलं, सरांचं मॉडेल आहेच की, तोवर तोच आकडा तिथे देऊया. तात्पुरता."

"माझाच आकडा. लाल रेघेला."

"तुमचं मॉडेल इतकं छान आहे, सर."

पंतांनी विचारलं, "आणि थरथर?"

"ती मी घातली," मुलगी जराशी लाजली. "दोन्ही रेघा एकमेकींवर बसायच्या, लाल दिसायचीच नाही. अगदी खोटी वाटायची. म्हणून कॉम्प्युटरला सांगितलं, थोडी हलव इकडेतिकडे, कशीही."

"त्या थरथरीवर माझा पेपर आहे."

"वाचला ना, सर! फार आवडला. मला वाटलं तुम्हाला सगळं ठाऊक आहे आणि तुम्ही त्यातून काहीतरी खोल काढलंत."

तीन वर्षं हा माणूस आरशात बघून म्हणत होता, की समोरचा गृहस्थ आपल्याशी तंतोतंत सहमत आहे. ते आपल्या खोलीत परतले आणि अर्धवट समीकरणाचा कागद फाडून त्यांनी खिशात घातला. टोपलीत टाकायचीही त्यांना लाज वाटली.

पुढचे दोन दिवस पंत मूग गिळून बसले. सांगितलं असतं तर शुक्रवार गेला, पद गेलं, दोन पेपर गेले, आणि ऑफिसात चोंदोपंतांहून वाईट नाव पडायला वेळ लागला नसता. न सांगावं तर पडद्याचं खरं काय झालंय हे देवाला ठाऊक. शिवाय मन मोठं हुशार असतं. ते म्हणे, सेन्सर नव्हता म्हणून मॉडेल चुकीचंच आहे असं कुठे ठरतं? कदाचित बरोबर असेल. नव्हे, असेलच.

बुधवारी ताटावर बसून ते अन्न चिवडत होते, तेव्हा बायकोने विचारलं, "काय झालंय तुम्हाला?"

"काही नाही. समज, एखादी गोष्ट फारच चांगली चाललीय. कधी काही कुरबुर नाही. तर?"

"पेशंट म्हणाला, हा किडलेला दात आता मुळीच दुखत नाही, तर मी आधी दात मेलाय का ते बघते," ती म्हणाली. "वाढू का अजून?"

गुरुवारी पंतांनी फिटरला बोलावलं आणि मुख्य नळीवर एक साधा काट्याचा दाबमापक बसवून घेतला. ना वायर, ना कॉम्प्युटर, नुसता काटा. शुक्रवारी पंप सुरू झाला की काटा मॉडेलच्या आकड्याशी यावा, निदान आसपास यावा, मग सेन्सरचं प्रकरण हसत हसत सांगून टाकू, असा त्यांनी स्वतःशी तह केला. विज्ञानावर निष्ठा असलेल्या या माणसाने त्या संध्याकाळी काट्यासाठी हात जोडले, हेही सांगायला हवं.

शुक्रवारी सकाळी घरात गडबड होती. पंतांच्या मुलीचं पोट बिघडून ती शाळेला न जाता पडून होती, बायको आपल्या दवाखान्यात गेली होती, सासूबाई नातीच्या उशाशी बसल्या होत्या. पंतांनी नवा सदरा घातला. "आज मोठा दिवस का तुमच्या गाळणीचा?" सासूबाईंनी विचारलं. पंत हो म्हणाले आणि निघाले.

हॉल ताज्या रंगाच्या वासाने भरला होता. पाहुण्यांच्या हातात काचेचे पेले होते, कारण केंद्राचं पहिलं पाणी समारंभाने पिण्याचा कार्यक्रम होता. संचालकांनी बटण दाबलं, पंप घुमू लागले, पाणी वाहू लागलं. पंत दाबमापकासमोर उभे होते. त्यांच्या मॉडेलप्रमाणे काटा मधल्या खुणेपाशी यायला हवा होता. काटा हलला, शून्यापासून जेमतेम सरकला आणि तिथेच थांबला. पंतांनी काचेवर टिचकी मारली. काटा जागचा हलला नाही.

संचालकांनी डोकावून पाहिलं. "एवढाच दाब? म्हणजे पडदा अगदी कोरा करकरीत!" ते पाहुण्यांकडे वळले. "बघा, आमच्या सरांचं मॉडेल उगाच घाबरत होतं. पडदा त्याहून स्वच्छ निघाला!" टाळ्या पडल्या. कुणीतरी पंतांच्या पाठीवर थाप मारली.

आता फक्त हसायचं होतं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते सगळं त्या एका हसण्याच्या पलीकडे तयार ठेवलेलं होतं, आणि तिथल्या एकाही माणसाला कधी काही कळलं नसतं. पण चोंदणं हा विषय हॉलमध्ये एकाच माणसाला खरोखर येत होता, ही अडचण होती. नव्या कोऱ्या पडद्यालासुद्धा याहून जास्त दाब लागतो. इतका कमी दाब एकाच वेळी लागतो, पाण्याला वाटेत काही आडवंच येत नसेल तेव्हा. निळी रेघ धुवा म्हणाली की धुवायचं, लाल रेघ हो म्हणायला बसलेलीच. तीन वर्षं चोंदलेल्या-न चोंदलेल्या पडद्याला क्लोरीन पाजून पाजून केंद्राने त्याचे धागे ठिसूळ करून तोडले होते. केंद्रात येणारं तलावाचं पाणी दिसायला मुळातच नितळ, त्यामुळे नळाला काही वेगळं दिसलं नव्हतं. उरलीसुरली भिस्त शेवटी टाकायच्या क्लोरीनवर, आणि त्याला दाद न देणारे जंतू असतात, म्हणून तर पडदे बसवलेले असतात.

"सर," पंत संचालकांना म्हणाले, "पडदा स्वच्छ नाहीये. पडदा राहिलेलाच नाहीये."

संचालक हसतच राहिले, फक्त आवाज खाली आणला. "सोमवारी बोलू."

"तोवर लोक हे पाणी पितील."

"तीन वर्षं पीतच होते की. काय झालं?"

काय झालं ते पंतांना माहीत नव्हतं. कुणी मोजलंच नव्हतं. ते चालत पंपाच्या पॅनेलपाशी गेले आणि लाल बटण हाताच्या तळव्याने आत दाबलं. घुमणारा आवाज उतरत उतरत बंद पडला. "पिऊ नका ते," त्यांनी मोठ्याने सांगितलं, आणि सेन्सर, थरथर, बुडबुडे, सगळं तिथल्या तिथे, पाहुण्यांसमोर ओकून टाकलं. पेले ओठांपासून खाली आले. इन्स्ट्रुमेंटवाली रडू लागली. संचालकांच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र कुणी उतरवून ठेवायचं विसरल्यासारखं तसंच होतं. साठ्याच्या टाक्याही बंद करा, त्यात आपलंच पाणी आहे, असं पंतांनी फिटरला ओरडून सांगितलं आणि मग खिशातून फोन काढला.

सासूबाईंनी उचलला.

"मी बोलतोय. नळाचं पाणी कुणी पिऊ नका. उकळल्याशिवाय थेंबही नको."

"जरा मोठ्याने बोला, मी पोरीला पाणी पाजतेय," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलंय भरपूर पाजा. दर थोड्या वेळाने पेलाभर देतेय बघा. तुमची बायको म्हणत होती उकळून दे. मी म्हटलं, काही गरज नाही. बाहेरचं का पाणी आहे? आमच्या जावयांनी गाळलेलं आहे."

अभिमानाने म्हणाल्या त्या. हे असं काहीतरी ऐकायला पंत इतकी वर्षं तरसले होते.

"आई," ते म्हणाले, "पेला खाली ठेवा. आधी तो पेला खाली ठेवा."